उलटरावांची पेटी

माझी मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये डोकावते. घरच्या बाईला वाटतं ही स्वच्छता बघायला आलीय, आणि ती बिचारी लगबगीने नळ सोडते. मावशीला स्वच्छतेशी काही घेणंदेणं नाही. ती भांडी वाचत असते. तळाशी काय आहे, त्यावर काय पडलंय, कुठल्या वाटीत कशाचा ओघळ आलाय. दोन मिनिटांत तिला त्या घराची सकाळ कळते, आणि कळलेलं पोटात ठेवायची तिला सवय नाही. त्यामुळे तिला घरी बोलावणारी माणसं मोजकीच आहेत. जी आहेत ती मात्र तिच्यावर जीव टाकतात.

"खालचं आधीचं, वरचं नंतरचं," हे तिचं सगळं शास्त्र. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीला ती हेच लावते, टेबलावरच्या पसाऱ्याला हेच आणि डोंगराला हेच. डोंगर वाचायचा तिला पगार मिळायचा, बाकीचं ती हौसेने करते.

मावशीच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणतो. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. मावशी बाहेरून आली, पर्ससुद्धा न ठेवता सिंकपाशी गेली आणि म्हणाली, "अहो, केक खाल्लात हे मी विचारतच नाही. बशी कपाच्या खाली आहे, म्हणजे चहाच्या आधी खाल्लात. पण क्रीमचा चमचा कपाच्या वर आहे. म्हणजे चहानंतर पुन्हा एकदा."

काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, चमचा कधीकधी आपोआप वर येतो."

"आपोआप काहीही वर येत नाही."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते तिला मॅडमच म्हणतात. ते का, हे सांगायचं तर पेटीपासून सुरुवात करावी लागेल.

मावशी नोकरीला लागली ती जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात. पाणी कुठल्या थरात आहे हे कळायला आधी थर कळायला हवेत, आणि थर कळायला यंत्राने जमिनीत भोक पाडून आतला दगड वर काढावा लागतो. तो मनगटाएवढ्या जाडीच्या कांडीसारखा निघतो. त्याला गाभा म्हणतात. एका खेपेला नळीत मावेल तेवढाच गाभा वर येतो. तो खणाखणांच्या लाकडी पेटीत ठेवायचा, पुस्तकातल्या ओळींसारखा, डावीकडून उजवीकडे. वरचा दगड आधी, खोलचा नंतर. असं केलं की पेटी उघडून बसायचं आणि जमीन वाचायची.

ऐकायला सोपं वाटतं. गोम अशी आहे की नळी आडवी करून हातोडीने ठोकली की पहिल्यांदा बाहेर सरकतो तो सगळ्यात खोलचा तुकडा. म्हणजे जो आधी हातात येतो तो शेवटी ठेवायचा. नवशिक्या माणूस आधीचा आधी ठेवून मोकळा होतो आणि पेटीत काळ उलटा चालायला लागतो. आजोबांच्या आधी नातू. ही चूक करायचं भाग्य फक्त यंत्र चालवणाऱ्या ड्रिलरच्या वाट्याला येतं.

काका ड्रिलर होते. मावशी रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी खरोखरच एक ओळ उलटी लावली होती. त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं, त्यांनी स्वतःच सांगितलं, सगळे हसले आणि विषय मिटला. पण असे विषय नीट मिटत नाहीत. मावशी आल्या आल्या तिला कुणीतरी ती गंमत सांगितली, आणि ती तिच्या डोक्यात बसली.

मग ती भिंग घेऊन पहिल्यांदा कामावर गेली. त्या भागातला दगड म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा चिखल. त्या चिखलात एक किडा राहायचा. तो झोळीच्या आकाराचं बीळ करायचा, दोन तोंडं वर आणि मधला झोल खाली. किडा मेला, बिळात वाळू भरली, सगळ्याचा दगड झाला, पण झोळी तशीच राहिली. झोळी दिसली की वरची बाजू कुठली ते कळतं. मावशीने एकामागून एक पेट्या बघितल्या. सगळीकडे झोळ्या नीट टांगलेल्या. फक्त एका पेटीत सगळ्याच्या सगळ्या पालथ्या, कमानीसारख्या.

"ही पेटी उलटी लागलीय," ती म्हणाली.

"नाही मॅडम, सरळ लावलीय," काका म्हणाले.

"किडे कमानीत राहत नाहीत."

"किड्यांचं मला माहीत नाही. पेटी सरळ आहे."

शेजारच्या पेट्यांमधल्या तुकड्यांशी तोंडं जुळवून बघता आली असती, पण यंत्रात फिरून फिरून ती घासली गेली होती. तेवढ्यात मोठे साहेब आले. मोठे साहेब नेहमी तेवढ्यातच येतात. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी एकदा मावशीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडून उलटी लागली असेल साहेब."

साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झाडलं. मावशीने स्वतःच्या हाताने तुकडे फिरवून लावले. आणि संध्याकाळपर्यंत काकांचं नाव पडलं, उलटराव.

त्यांनी त्याचा सूड असा घेतला की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तुकड्यावर बाण काढायला सुरुवात केली. आधी खडूने, मग न पुसणाऱ्या मार्करने. बाण आणि त्यापुढे 'वर'. इतर ड्रिलर पेट्या टेम्पोने गोदामात पाठवायचे. हे स्वतः घेऊन यायचे आणि मावशीच्या टेबलासमोर उभे राहायचे. "बघून घ्या मॅडम. पुन्हा तक्रार नको." मावशी बघून घ्यायची. तक्रारीला जागाच नसायची, तर ती बाण किती सरळ आहेत यावरून बोलायची. एकदा त्यांनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवला. डब्याच्या झाकणावर बाण होता, 'वर'. मावशी म्हणते की ती त्या खात्यात पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. माझी आई म्हणते की ती मुळात आयुष्यातच पहिल्यांदा हसली. दोघी बहिणींचं एकमेकींबद्दलचं मत कधी चांगलं नव्हतं.

लग्न झालं. त्यांना मूल झालं नाही, पण आम्ही भाचवंडं सुट्टी लागली की तिथेच पडलेली असायचो. त्या घरात बरण्यांवर बाण होते, औषधांच्या खोक्यांवर होते, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोमागेही होता. माझ्या दप्तरावर काकांनी काढलेला बाण शाळेत सगळ्यांना दिसला आणि मला वर्षभर त्यावरून ऐकावं लागलं. मावशी आम्हाला गच्चीत बसवून बादलीत माती कालवायची आणि दाखवायची की जाड कण आधी बसतो, बारीक मागून येतो. कुठे बोटभर थराला हजार वर्षं लागतात, कुठे एका वादळात हातभर चिखल येऊन पडतो, सांगायची. मला त्यातलं फार कळायचं नाही. पण काळाला जाडी असते, तो हाताने मोजता येतो, हे तिथे डोक्यात शिरलं आणि राहिलं. आता मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. क्लच सोडायला शिकवताना त्या ज्ञानाचा काही उपयोग होत नाही. माझा स्वभाव या धंद्याने तापट केला, असं माझा नवरा म्हणतो. तो आधी माझा विद्यार्थी होता, त्यामुळे त्याच्या मताकडे मी फारसं लक्ष देत नाही.

पण सगळं हसण्यावारी नेता येत नव्हतं. उलटराव हे नाव काही सुटलं नाही. काकांनी पुढे शेकडो भोकं पाडली, नव्या ड्रिलरना शिकवलं, पण रस्त्यात जुना सोबती भेटला की "काय उलटराव" ठरलेलं. काका हसायचे. मावशीचा चेहरा उतरायचा. निवृत्त ड्रिलर दर वर्षी एकत्र जमतात, जेवतात, जुन्या बढाया मारतात. काका एकदाही गेले नाहीत. कधी गुडघे दुखायचे, कधी पोट. मावशीला खात्री होती की ते त्या नावामुळे जात नाहीत.

आणि तिला आतून आणखी एक गोष्ट खात होती. त्या भागातल्या दगडात दोन जातींचे शंख सापडतात. बरगड्यांचा शंख जुना. तो संपला, मग गुळगुळीत शंख आला. म्हणजे खाली बरगड्यांचा, वर गुळगुळीत, हाच क्रम हवा. मावशीने पेटी फिरवली तेव्हा झोळ्या सरळ झाल्या, पण शंखांचा हिशेब बिघडला. खाली उतरत जावं तर गुळगुळीत, मग बरगड्यांचा, मग पुन्हा गुळगुळीत, पुन्हा बरगड्यांचा, आणि तिसऱ्यांदा तेच. मेलेला शंख परत कसा येईल? साहेब म्हणाले, "असतं एखादं." मावशी वरचेवर गोदामात जाऊन ती पेटी उघडायची, बघायची आणि झाकण लावून घरी यायची. घरी काका चहा टाकून ठेवत. त्या पेटीबद्दल लग्नानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. एकदा "सरळ आहे" म्हणाले होते, तेवढंच.

गेल्या वर्षी त्या जुन्या भोकाजवळचा डोंगर रस्ता रुंद करायला कापायला घेतला. मावशीला हे कळलेलं होतं. पेटीत मनगटाएवढा दगड होता, इथे अख्खी भिंत उघडी पडणार होती. मला वाटलं ही पहिल्या दिवशीच जाऊन बसेल. ती गेली नाही. मी विचारलं की ऊन फार आहे म्हणायची. ऊन कमी झालं तर दात दुखायचा. दाढ काढून आली, तर म्हणाली पाहुणे येणार आहेत. तिला बोलावणारी माणसं मोजकी आहेत हे मी वर सांगितलंच आहे, तिच्याकडे येणारी त्याहून कमी.

त्या रस्त्यावरची इंजिनीअर माझीच विद्यार्थिनी. डोंगर कापायला घाबरत नाही, पण गाडी मागे घ्यायला घाबरते, म्हणून अजून अधूनमधून माझ्याकडे येते. एका सकाळी गाडी मागे घेता घेता म्हणाली, "आज भिंतीवर सिमेंटचा फवारा मारणार. दुपारी मशीन येईल. मग दगड निसटायची भीती नाही." मी तिला तिथेच ब्रेक दाबायला लावला आणि मावशीला फोन केला.

मावशीने पुन्हा ऊन पुढे केलं.

"आज नाही गेलीस तर झाकलंच ते," मी म्हणाले. "चुकलीस असं निघेल म्हणून घाबरतेस का?"

"वेडी आहेस का? मी चुकले असेन तर भर रस्त्यात नाचेन. पण मी बरोबर निघाले तर? तर मग पेटी त्यांनी उलटी लावली होती हे पक्कं झालं. आत्ता निदान शंकेला जागा आहे. तेवढ्या जागेत ते इतकी वर्षं राहतायत. ती पण काढून घेऊ?"

मी म्हणाले, "अर्ध्या तासात येते. बूट घालून बस."

काका पुढच्या सीटवर बसले, गुडघे लांब करता यावेत म्हणून. त्यांना फेरफटका मारायला जातोय असं सांगितलं होतं. गाडी डोंगराकडे वळली तसे ते सरळ बसले.

"मॅडम, हा रस्ता तर…"

"हो," मागून मावशी म्हणाली.

"राहू दे ना. कशाला."

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज फारच बारीक आला.

इंजिनीअरने आम्हाला हेल्मेटं दिली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फवाऱ्याचं मशीन येऊन उभं होतं, माणसं पोती उतरवत होती. "ते तयार होईपर्यंत बघा, पण दोरीच्या आत जाऊ नका," ती म्हणाली. मावशी दोरीच्या आत गेली.

भिंत लांबच लांब होती आणि पट्टीने आखावी तशी सरळ. राखाडी थर, पिवळसर थर, राखाडी थर. मला दगडातलं कळत नाही, पण सरळ म्हणजे काय ते कळतं. मावशीने मान वर केली, डोंगराच्या कडेला जुन्या भोकाचं सिमेंटचं झाकण शोधलं, आणि तिथून टेप सोडायला एका मजुराला वर पाठवलं. ती पेटी ज्या खोलीवरची होती ती जागा रस्त्यापासून साधारण छातीएवढ्या उंचीवर आली. नेमका तेवढाच भाग ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या चिखलाने बरबटलेला होता. त्याच्या वर सरळ रेघा, खाली सरळ रेघा. मावशी काकांकडे बघेना.

"पाणी लागेल," काका म्हणाले.

टँकरचा पाइप आणला. मजूर पुढे झाला तर काकांनी तो त्याच्या हातातून घेतला. "असा जोरात मारू नये. गाभा धुवायचा तर पाणी तिरकं सोडायचं." गुडघे विसरून ते पाय रोवून उभे राहिले आणि भिंत धुवायला लागले. त्यांचं लक्ष पाण्याच्या धारेवर होतं. दगड वाचायचं काम मॅडमचं, त्यात त्यांनी कधी डोकं घातलं नाही.

चिखल ओघळला. मावशीने भिंग काढलं आणि भिंतीला नाक लावलं. मग ती डावीकडे सरकली. मग आणखी डावीकडे. मग ती चक्क धावली. साठी उलटलेली बाई हेल्मेट सावरत भिंतीच्या कडेने धावत गेली, थांबली, दोन्ही हात दगडावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. मी घाबरून तिच्यामागे गेले. ती हसत होती. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"काय झालं?"

"हे बघ. हे वळण बघ."

बघितलं. ती जिथे हात ठेवून उभी होती तिथे एक पिवळसर थर सरळ येता येता गोल वळला होता आणि आल्या वाटेने परत गेला होता. इंजिनीअरही पळत आली. मावशीने गळ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल काढला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि एका टोकाने ढकलला. रुमाल पुढे सरकून स्वतःवरच दुमडला. "आता वरून खाली बोट घाल," ती म्हणाली. "तीन पदर लागतात. वरचा सरळ, खालचा सरळ आणि मधला?"

"उलटा," इंजिनीअर म्हणाली.

"समुद्राच्या तळाशी उतारावर चिखल साठत होता. अजून मऊ होता. भूकंप झाला असेल, नाहीतर नुसतं ओझं जास्त झालं असेल. घसरला आणि घडी पडली. किड्यांची घरं आत होती तशीच पालथी झाली. मग वर नवा चिखल येऊन सरळ बसला, काही झालंच नाही असा. आणि आमचं भोक नेमकं त्या घडीतून गेलं." तिने रुमालावरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत, बरगड्यांचा. मग बरगड्यांचा, गुळगुळीत. मग पुन्हा गुळगुळीत, बरगड्यांचा. घडीत असाच क्रम लागतो. शंख परत आलेच नव्हते. तोच थर तीनदा लागला होता. मी मधला पदर फिरवला नसता तर हे मला पेटीतच दिसलं असतं."

काका अजून पाइप धरून तिकडेच उभे होते. मावशी चालत त्यांच्यापर्यंत गेली. तिने त्यांच्या हातातला पाइप घेऊन खाली टाकला, त्यांचं बोट धरलं आणि धुतलेल्या दगडातल्या एका कमानीवर ठेवलं.

"तुम्ही पेटी सरळ लावली होती," ती म्हणाली. "दगडच उलटा होता. मी चुकले. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता आणि मी ठेवला नाही. आणि मला आज इतका आनंद झालाय की काय करू ते कळत नाही."

काकांनी कमान दोनदा चाचपली. "किडे कमानीत राहत नाहीत म्हणाली होतीस."

"घरच पालथं झालं तर काय करतील बिचारे."

"म्हणजे खालचं कधीकधी वर येतं," काका म्हणाले. "आपोआप."

"केकचा विषय काढू नका," मावशी म्हणाली, आणि मग ती खरंच नाचली. दोन पावलं, फार चांगली नाहीत, पण भर रस्त्यात. पोती उतरवणारी माणसं थांबून बघायला लागली. एकाने टाळ्या वाजवल्या. इंजिनीअरने दहा फोन करून फवारा चार दिवस पुढे ढकलला आणि घडीपुरती जागा उघडी ठेवता येईल का ते विचारते म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की गाडी मागे घ्यायचे उरलेले तास फुकट.

परतीच्या वाटेवर मावशी मागे बसून पुढचे बेत आखत होती. उद्या गोदामात जायचं. पेटी पुन्हा होती तशी लावायची. खात्याला कळवायचं. "आणि या वर्षी ड्रिलरांच्या जेवणाला आपण दोघं जायचं. मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार."

काका दचकले. "काही गरज नाही."

"का नाही? नाव सगळ्यांसमोर पडलं, निघायलाही सगळ्यांसमोर हवं."

"मला उलटराव आवडतं. सवय झालीय."

"खोटं बोलू नका. तुमचा तो जोडीदार होता ना, नळी धरणारा, त्याला आत्ताच फोन लावते." आणि तिने लावलाही. माझ्या गाडीत फोन स्पीकरवर जातो. काकांनी हात लांब करून काहीतरी बंद करायचा प्रयत्न केला. वायपर सुरू झाले.

"हॅलो," पलीकडून घोगरा आवाज आला. मावशीने नाव सांगितलं, आणि कार्यालयात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला माझ्या पहिल्या दिवसाची ती पेटी आठवते का? उलटी लागलेली? ती उलटी नव्हती. आज मी डोंगर बघून आले. पेटी सरळ होती, चूक माझी होती. तुम्ही सगळ्यांना सांगा."

पलीकडे तो माणूस हसला. "मॅडम, सरळ होती हे मला तेव्हाच माहीत होतं. नळी मीच धरली होती. आम्ही दोघांनी एक एक तुकडा बघून लावला होता. आधीच्या आठवड्यातच फजिती झाली होती ना, म्हणून."

वायपर कोरड्या काचेवर करकरत होते. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?" मावशीने विचारलं.

"हा बोलू देईल तर. साहेब गाडीतून उतरत होते तेव्हा हा माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. मागून म्हणाला, पोरगी नवीन आहे, पहिल्याच दिवशी तिची चूक निघाली तर हे लोक तिला इथे टिकू देणार नाहीत. मला काय, माझी एक चूक झालीच आहे, दोन म्हणतील. म्हणून तर तो जेवणाला येत नाही मॅडम. त्याला माहीत आहे, दोन घास पोटात गेले की मी बोलून जाणार."

मी गाडी बाजूला घेतली. इंडिकेटर दिला नाही. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला उतरवलं असतं. मावशीने फोन बंद केला आणि खिडकीबाहेर बघत बसली. काका समोर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं तुम्ही साहेबांना घाबरलात," मावशी शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं."

"थोडा घाबरलो पण होतो," काका म्हणाले.

मावशीने पर्स उघडली. रुमाल शोधतेय असं मला वाटलं. तिने मार्कर काढला, पुढे वाकली, आणि काकांच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीवर, कमरेपासून कॉलरपर्यंत एक लांब बाण काढला. टोक नीट रंगवलं. त्यापुढे लिहिलं, 'वर'.

काकांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला. "हे धुतल्यावर जाईल का?"

"नाही," मावशी नाक ओढत म्हणाली. "दगडावरचा आहे."